बर्फावरचं बटण

४ नोव्हेंबर, मंगळवार

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. घ्यायचे तर घे, नाहीतर ठेव बाजूला. अकरा वर्षांत जे साठले असतील त्यांत आणखी एक. माझी तब्येत बरी आहे. डावा कान पूर्वीसारखाच ठार, गुडघे आपल्या मर्जीनं चालतात, बाकी ठीक. तुम्हा दोघांची खुशाली कळवायला हवी होतीस, पण तुझ्या चिठ्ठीत तिला जागा झाली नसावी.

तर तुझा ऑक्टोपस पोचला. काल सकाळी मासळीच्या गाडीवाल्यानं दारात हॉर्न वाजवला, खोका हातात दिला आणि म्हणाला, "तुमच्या भावानं पाठवलंय. सरळ धरा." वर तुझी चिठ्ठी. 'ताई, सोळा तारखेला, रविवारी, आम्ही दोघं जेवायला येतो. शिजवीन मी. तोवर हा नीट ठेव.'

धाकट्या, अकरा वर्षांनी माणूस बहिणीला काही पाठवतो तर शाल पाठवेल, फळं पाठवेल, गेला बाजार एखादा फोटो पाठवेल. तू ऑक्टोपस पाठवलास. सगळं सोडून ऑक्टोपसच. आणि वर 'नीट ठेव'! वाचलं आणि मनात पाल चुकचुकली. ही माझी परीक्षा आहे का? असेल तर सरळ सांग. चौतीस वर्षं मी बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात काढली, त्यातली पहिली बारा बाबांच्या हाताखाली. मासळी कशी ठेवायची हे मला हॉटेलातल्या आचाऱ्यानं शिकवायला नको, मग तो माझा सख्खा भाऊ का असेना.

तरीपण उद्या कुणी माझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून काय काय केलं ते सगळं लिहिते. हे पत्र जपून ठेव.

आधी उघडून पाहिला. न बघता कुणाचंही काही आत ठेवायचं नाही, ही शीतगृहाची पहिली शिस्त. खोक्यात बर्फ शिल्लक होता. आठही हात आत दुमडून पिशवीत बसवलेले, पिशवी कापडात, कापडावर सुतळी आणि सुतळीला फुलाची गाठ. ही गाठ तुझी नाही. तुला बुटाची नाडी धड बांधता येत नव्हती. असो. नाकाजवळ धरला. समुद्राचा वास आला, दुसरा नाही. नाकात झिणझिण्या आणणारा वास असता तर त्याच गाडीनं परत गेला असता. कातडी चकचकीत. डोकं उलटं करून आतलं सगळं काढलेलं, शाईची पिशवीसुद्धा न फोडता. डोळे कापलेले, चोच काढलेली. काम चोख आहे, हे कबूल करते. तरी मी पुन्हा थंड पाण्याखाली धुतला, शंका नको. धुतल्यावर लगेच फडक्यानं कोरडा केला, कारण पाण्यात पडून राहिला की मांस पाणी पितं आणि चव सोडून देतं.

नुसत्या फ्रीजमध्ये ठेवायचा तर एक दिवस, फार तर दोन. तेसुद्धा चाळणीत, बर्फावर, खाली भांडं ठेवून, म्हणजे वितळलेल्या पाण्यात तो भिजत नाही. पण सोळा तारखेपर्यंत तसा कोण ठेवेल? म्हणून फ्रीझर. जाड पिशवीत घातला, पिशवी बादलीतल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवली, पाण्यानं दाबून आतली हवा काढून टाकली, मग तोंड आवळलं. वर दुसरी पिशवी. तारीख, वार, वेळ लिहून चिकटवली. उथळ ताटात, तळाशी, आडवा ठेवला; वाटाण्याची पिशवी पार दुसऱ्या टोकाला ढकलली. पंधराच्या सकाळी काढून खोलगट ताटलीत फ्रीजमध्ये ठेवीन, दिवसभरात सावकाश सुटेल. ओट्यावर नाही, गरम पाण्यात तर मुळीच नाही. आणि एकदा सुटलेला पुन्हा गोठवायचा नाही, हे तुला सांगायला नको.

शिवाय कपात बटण ठेवलं. बाबांच्या कामाच्या कोटाचं पितळी बटण, तेच. कपभर पाणी गोठवायचं, वर बटण ठेवायचं. फ्रीझर बंद पडला तर बर्फ वितळतो आणि बटण तळाला जातं. नंतर पाणी कितीही गोठलं तरी ते वर येत नाही. बाबा म्हणायचे, "माणूस थापा मारेल, बटण मारणार नाही." आज सकाळी पाहिलं. बटण वर आहे.

फ्रीझर जुनाच आहे, मागच्या खोलीतला. आतला दिवा गेलाय, पण थंडावा पक्का. खोलीत अजून तो एकच मोठा सॉकेट. दुसरा बसवायला वायरमनला सांगून सांगून जीभ झिजली. 'पुढच्या आठवड्यात' म्हणतो, कोणत्या वर्षाच्या ते सांगत नाही. वरच्या खोलीत एक नर्सबाई भाड्यानं राहते. तिच्याकडे मागच्या दाराची किल्ली आहे, पाय सुजले की बर्फ न्यायला खाली येते. बरी वाटते. 'वाटते' एवढंच म्हणते.

जुनं उकरायचं नाही असं ठरवून बसले होते, पण तूच ऑक्टोपस पाठवलास. बाबांच्या पंचाहत्तरीला काय झालं ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे आणि त्या दिवशी जेवलेल्या सव्वीस पोटांना माहीत आहे. तोही ऑक्टोपसच होता. बाबा नऊ दिवस दवाखान्यात पडून होते. कुणीतरी फ्रीझरची पिन काढली होती, आणि त्या आठवड्यात मागच्या खोलीत शिलाई मशीन घेऊन कोण बसलं होतं हे सगळ्या घराला ठाऊक होतं. मी नाव घेत नाही. तेव्हा घेतलं, ते पुरे झालं.

तुझी बायकोही येणार म्हणतोस. येऊ दे. मला काही नाही. पण ती स्वतःहून येते आहे, की तू आणतो आहेस? दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, म्हणून विचारते. तुमच्यासाठी जुना पांढरा टेबलक्लॉथ पेटीतून काढलाय. त्याच्या घड्या काही केल्या मोडेनात, सकाळपासून त्याच्यावर

गाडीवाल्याचा हॉर्न वाजला. तो दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही. इस्त्री बंद केली, पाकीट सापडत नाहीये. तसंच देते.

तुझी,
ताई


८ नोव्हेंबर, शनिवार

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच. तुझं उत्तर काल गाडीवाल्यानं दिलं. 'ताई, वाचलं. बरं.' तीन शब्द लिहिताना तुला घाम फुटला असेल. आणि 'बरं' म्हणजे काय? केलंस ते बरं, की 'बघू बरं'? काल दिवसभर मी त्या एका शब्दाभोवती घिरट्या घातल्या.

पण आज लिहायचं कारण वेगळं आहे. बटण बुडालं.

आज सकाळी झाकण उघडलं, कप बाहेर काढला, तर वर नुसता गुळगुळीत बर्फ. कप उजेडात तिरका धरला. बटण तळाला, पार चिकटून बसलेलं. मग पिशवी काढली. आडवा ठेवलेला ऑक्टोपस एका बाजूला घसरून तसाच दगड झालेला, पिशवीच्या कोपऱ्यात गुलाबी पाणी साचून गोठलेलं, वाटाण्यांचा एकच गोळा. सगळं वितळून पुन्हा गोठलं होतं. आता फ्रीझर व्यवस्थित चालू आहे, पिन जागेवर आहे. म्हणजे कुणीतरी ती काढली, दीड-दोन दिवस तशीच ठेवली आणि गुपचूप परत लावली. वीज एकदाही गेली नाही, शेजारी विचारून आले.

ऑक्टोपस टाकून दिला. वरून बघून कुणी म्हणालं असतं, चांगला तर दिसतोय. पण दोन दिवसांत आत काय वाढलं ते डोळ्यांना दिसत नाही, पुन्हा गोठवल्यानं ते मरत नाही आणि शिजवल्यानंही त्याचं सगळंच विष जात नाही. हे मी तुला आज लिहिते आहे. मोठ्या पिशवीत बांधून, स्वतःच्या हातानं, कचऱ्याच्या गाडीत टाकला. टाकताना वाईट वाटलं. का ते सांगत नाही.

आता कोण? घरात मी, वर नर्सबाई. किल्ली दोघींकडे. आणि ऐक, बुधवारी दुपारी ती बर्फ न्यायला खाली आली होती. मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होते. जाता जाता म्हणते, "ताई, बर्फाचे खडे ओले झालेत, एकमेकांना चिकटलेत. फ्रीझर चालू आहे ना?"

मी म्हटलं, "चौतीस वर्षं बर्फात काढली आहेत बाई मी. माझ्या फ्रीझरची काळजी तुम्ही नका करू."

तेव्हा लक्षात आलं नाही, आज आलं. तिला कसं ठाऊक? न विचारता कशाला सांगितलं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! पाय शेकायला तिच्याकडे विजेची पिशवी आहे, तिला मोठी पिन आहे. इथंच पाणी मुरतंय. मी वर गेले आणि तोंडावर विचारलं.

ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती, अजून बूटही काढले नव्हते. म्हणाली, "ताई, मी सांगितलं तेव्हा तुम्ही उठून बघितलंसुद्धा नाही. आणि आता मीच काढली म्हणता?"

"मग कुणी काढली? भुतानं?"

"मला माहीत नाही. मला माहीत असतं तर मी तुम्हाला सांगितलं असतं. सांगितलंच होतं."

"जो आधी सांगतो तोच करून बसलेला असतो, हा माझा अनुभव आहे," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "महिनाअखेर खोली सोडते मी." आवाज चढवला नाही, रडली नाही. बूट काढायला खाली बसली आणि नाडीची गाठ सुटेना तिला.

मी जिने उतरून आले. माझं चुकलं असं वाटून नव्हे, गुडघा दुखत होता म्हणून. बटण खोटं बोलत नाही, एवढं मला कळतं.

तर ऑक्टोपस नाही. तुम्हाला यायचं कारणच तो असेल तर सोळाला यायचं की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. मी आग्रह करणार नाही. टेबलक्लॉथ घडी घालून ठेवलाय, तो पेटीत परत जायला वेळ लागत नाही.

जिच्या घरात भरवशाला एक बटणच उरलं आहे ती,
तुझी ताई


१० नोव्हेंबर, सोमवार

धाकट्या,

तुझी चिठ्ठी आज दुपारी मिळाली. 'ताई, ऑक्टोपसचं जाऊ दे. नर्सबाईंना तू विचारलंस, की सांगितलंस? आणि तेव्हा?'

तुझ्या मानानं हे लांबच पत्र. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दारातच उभी होते. मनात म्हटलं, याची बायको बोलते आहे याच्या हातून. तुला पढवून कुणी लिहून घेतलं असेल असंसुद्धा वाटून गेलं. माझा स्वभाव तुला माहीत आहे.

पण ही चिठ्ठी येण्याआधी मी काय करत होते ते सांगते. टेबलक्लॉथ घेऊन मागच्या खोलीत होते. पेटीत ठेवायचा म्हणून घडी मोडली आणि पुन्हा इस्त्री करायला घेतली, कशाला ते विचारू नकोस. इस्त्री चांगली तापली होती. तेवढ्यात हॉर्न वाजला. गाडीवाला थांबत नाही म्हणून बटण दाबून इस्त्री बंद केली आणि तशीच पळाले. चिठ्ठी घेतली, वाचली, रागावले, पुढच्या खोलीत बसले, चहा केला, तो प्याले. तासभर तरी गेला असेल. मग टेबलक्लॉथ उचलायला मागे गेले.

इस्त्रीची पिन सॉकेटमध्ये होती. फ्रीझरची पिन खाली जमिनीवर पडली होती.

मी तिथंच उभी राहिले. फ्रीझर बंद होता. त्याची घरघर माझ्या चांगल्या कानालासुद्धा मुद्दाम लक्ष दिलं तरच ऐकू येते, आणि मी लक्ष कधी दिलं? मोठा सॉकेट एकच, म्हणून इस्त्री करताना फ्रीझरची पिन मी काढते. किती वर्षं काढते ते आठवत नाही. हात जातो, पिन निघते. इस्त्री झाली की हात जातो, पिन लागते. मला विचारून नाही होत ते.

माझं पहिलं पत्र काढ. जपून ठेव म्हटलं होतं मीच. शेवटच्या चार ओळी वाच. हॉर्न वाजला, इस्त्री बंद केली, पाकीट सापडत नाही. मंगळवारची दुपार. पिन परत लावली असं कुठंही लिहिलेलं नाही, कारण लावलीच नव्हती. गुरुवारी दुपारी दोन उशांच्या अभ्र्यांना इस्त्री केली. तेव्हा सॉकेटमध्ये इस्त्रीची पिन आधीच होती, ते खटकलंसुद्धा नाही. अभ्रे झाले, हात गेला, फ्रीझरची पिन लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गावाला तरी कुठला, त्या बिचारीच्या जिन्याला.

मग मी एक गोष्ट केली. तुमचं शिलाई मशीन अजून इथंच आहे, कपाटाच्या मागं, चादरीखाली. ते ओढून काढलं. त्याची पिन हातात घेतली आणि त्या मोठ्या सॉकेटला लावून पाहिली. बसत नाही, धाकट्या. तिला दोन बारीक काड्या आहेत. ते मशीन दाराजवळच्या छोट्या सॉकेटवर चालायचं. त्यासाठी फ्रीझरची पिन काढायची गरज कधीच नव्हती.

हे मला अकरा वर्षांत कुठल्याही दिवशी बघता आलं असतं. सॉकेट तिथंच होता, मशीन तिथंच होतं. पाच पावलांचं अंतर.

आणि पंचाहत्तरीच्या आठवड्यात इस्त्री कोण करत होतं? बाबांचा कोट, तुझा शर्ट, सव्वीस रुमाल आणि हाच टेबलक्लॉथ. मी. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते, डाग पाडतील म्हणून. बटण खोटं बोलत नाही हे खरं. पण बटण 'बुडालं' एवढंच सांगतं. 'कुणामुळे' ते सांगत नाही. ते मी माझ्या मनानं जोडलं, आणि बाबांचं नाव घेऊन सांगितलं.

वर जाऊन आले. नर्सबाई सामान खोक्यांत भरत होती. मी म्हटलं, "पिन मीच काढली होती. तुम्ही बरोबर सांगत होतात. माझं चुकलं."

ती म्हणाली, "बरं झालं सापडलं."

"मग खोली सोडू नका."

"बघते ताई. महिनाअखेरपर्यंत बघते." तिनं खोकी भरणं थांबवलं, पण भरलेली रिकामी केली नाहीत. मी तिच्या जागी असते तर मीही केली नसती. वायरमनकडे स्वतः जाऊन त्याला हाताला धरून आणलं. दुसरा सॉकेट बसला. वीस मिनिटांचं काम होतं.

'आणि तेव्हा?' असं तू विचारलंस. त्याचं उत्तर इथपर्यंत आलं ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मी तुला सांगणार नाही. ज्या माणसाचं आहे त्यालाच सांगायचं. सोबत दुसरं पाकीट देईन, ते उघडू नकोस. तिच्या हातात दे आणि तिथून बाजूला हो.

तुझी ताई


११ नोव्हेंबर, मंगळवार

मायना लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. तुला काय म्हणू? पूर्वी मी तुला टिटवी म्हणायचे. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तुझी टिवटिव सकाळी सुरू व्हायची ती दिवे मालवेपर्यंत, आणि या मुक्या घराला ती आवडली होती. बाबांनाही. ते नाव मी लाडानं ठेवलं आणि मीच नासवलं. तेव्हा आज बिनमायन्याचंच लिहिते.

पिनेचं सगळं मी धाकट्याला लिहिलंय. तो सांगेल, किंवा त्याच्या पद्धतीनं दोन शब्दांत सांगेल. पिन ही चूक होती. चूक कुणाच्याही हातून होते, तिच्यासाठी मी एकवेळ माफी मागून मोकळी झाले असते. हे पत्र तिच्यासाठी नाही.

पंचाहत्तरीच्या दिवशी सकाळी मी कप बघितला होता.

बटण तळाला होतं. पाहुणे यायला तीन तास उरले होते. सव्वीस ताटं, बाबांच्या आवडीचा एकच पदार्थ, आणि महिनाभर मी सगळ्यांना सांगत फिरले होते की ऑक्टोपस मी ठेवणार, मी शिजवणार, शीतगृहातली माणसं आहोत आम्ही. धाकटा हॉटेलातून जेवायच्या वेळेला येणार होता. मी कप उलटा केला, बर्फ मोरीत टाकला, बटण पुसून माझ्या कामाच्या कोटाच्या खिशात ठेवलं. स्वतःला म्हटलं, चांगलं उकळलं की काही होत नाही. चौतीस वर्षं ज्या बाईनं दुसऱ्यांचा माल एवढ्याशा संशयावर परत पाठवला, तिनं स्वतःच्या बापाच्या ताटात तो वाढला.

आणि तू आली होतीस. भांड्यावर वाकलीस आणि म्हणालीस, "ताई, वास वेगळा येतोय का हो? मला कसंतरीच वाटतंय." तेव्हा स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. मी म्हटलं, "टिवटिव करू नको, रुमाल मोज."

तू गेलीस आणि रुमाल मोजलेस.

नंतर दवाखान्याच्या बाकावर सगळे बसले होते, कुणीतरी विचारलं हे झालं कसं, आणि माझ्या तोंडून निघालं, "मागच्या खोलीत मशीन घेऊन कोण बसलं होतं, तिला विचारा. टिटवी ओरडली, आता भोगा." तू माझ्याकडे बघितलंस. वास आल्याचं तू तेव्हा सगळ्यांसमोर म्हणू शकली असतीस. म्हणाली नाहीस. मी अकरा वर्षं त्याचा अर्थ असा लावला की तुझ्यापाशी बोलायला काही नव्हतं. जो सांगतो तोच चोर आणि जो गप्प बसतो तोही चोर, असा न्याय होता माझा.

अजून एक. बाबा नंतर दोन वर्षं होते. दर आठ-पंधरा दिवसांनी विचारायचे, "टिटवी का येत नाही?" मी सांगायचे, "तिला वेळ नसतो." ते म्हणायचे, "असेल बाई काम." तू यायला नको म्हणत होतीस असं त्यांना वाटत गेलं. ते मी वाटू दिलं. बाबांना आता सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

त्या दिवशी जी बाई काहीच न करता दोषी ठरली, तिनं गेल्या आठवड्यात ऑक्टोपस साफ करून, कोरडा करून, आठही हात नीट आत दुमडून माझ्याकडे पाठवला. फुलाची गाठ मी खोका उघडतानाच ओळखली होती. धाकट्याला लिहिताना 'असो' म्हणून पुढं गेले. तू तो का पाठवलास ते मला कळलं नाही. आधी वाटलं डिवचायला. मग वाटलं परीक्षा. आता वाटतं, जिथं मोडलं तिथूनच जोडावं असं तुझ्या मनात असेल. पण माझ्या वाटण्यावर तू विश्वास ठेवू नकोस, मीही ठेवत नाही.

तो मी पुन्हा नासवला. फक्त या वेळी बटण पाहिल्यावर टाकून दिला. अकरा वर्षांत एवढंच शिकले.

सोळाला ये असं म्हणायचा मला हक्क नाही. टेबलावर तू शिवलेला पांढरा टेबलक्लॉथ असेल, तोच. त्याच्या कडेची तुझी बारीक टीप अजून एका ठिकाणीही उसवलेली नाही. आलीस तर पुढच्या खोलीत पाहुणीसारखी बसू नकोस. सरळ मागं जा, झाकण उघड, हात घाल, वास घे आणि काय वाटतं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं बोल. माझा उजवा कान अजून चांगला आहे.

बटण या पाकिटात घातलंय. ते या घरात ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा त्याच्याकडे असायचं. आधी बाबांकडे होतं. मधली वर्षं ते चुकीच्या खिशात राहिलं.

तू आली नाहीस तरी ते ठेव, वहिनी. वयानं तू लहान आहेस, तरी आजपासून वहिनीच म्हणते.

ते तळाला गेलेलं जिनं पाहिलं होतं ती,
तुझी ताई